हातापायांत ताकद आहे, मग वडिलांना चालता का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताईंचे वडील ६३ वर्षांचे. तालुक्याच्या गावी त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे उठल्याउठल्या त्यांना गरगरायला लागलं आणि उलट्या सुरू झाल्या. पित्त झालं असेल म्हणून घरी कोकम सरबत दिलं, जवळच्या डॉक्टरांनी चक्करेचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराकडे जाताना ते उजव्या अंगावर कोसळले, तेव्हा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये आलं, उजव्या लहान मेंदूत ‘पायका टेरिटरी इन्फार्क्ट’, म्हणजे पायका नावाच्या धमनीचं रक्त अडून तिच्या भागातला मेंदू मेला. आता ते घरी आहेत. हातापायांत ताकद पूर्ण आहे असं डॉक्टर सांगतात, तरी कुणी धरल्याशिवाय चालता येत नाही. घास तोंडाऐवजी गालाला लागतो, बोलणं तुटक झालंय, स्वभाव चिडका झालाय. ताई लिहितात, ‘शाळेत अनुमस्तिष्क शरीराचा तोल सांभाळतो एवढी एकच ओळ पाठ केली होती. हा लहान मेंदू नेमकं करतो काय? बाबा बरे होतील का? आम्हा भावंडांना हे होईल का? आणि ते रोज विचारतात, मशीनवर कधी बसू?’

ताई, मी गेली सव्वीस वर्षं मेंदूचे आजार बघतोय. लहान मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या घरून हाच प्रश्न येतो, की ताकद आहे तर अडतंय कुठे? कारण आपल्याकडे झटका म्हटलं की तोंड वाकडं होणार, एक हात लुळा पडणार, हेच डोळ्यांपुढे येतं. ते मोठ्या मेंदूचं चित्र आहे. हात उचल हा हुकूम मोठ्या मेंदूतून निघतो, मज्जारज्जूतून खाली जातो आणि स्नायूपर्यंत पोचतो. या वाटेवर लहान मेंदू लागतच नाही. तो वाटेच्या कडेला उभा असतो. निघालेल्या हुकुमाची एक प्रत त्याच्याकडे येते, हात प्रत्यक्षात कुठे आहे याची खबरही त्याच्याकडे येते आणि दोन्ही ताडून तो हालचाल सुरू असतानाच तिच्यात दुरुस्ती करतो. म्हणून तो बिघडला तरी लकवा होत नाही. हालचाल होते, पण तिचं माप चुकतं.

घरातलाच अनुभव सांगतो. कळशी भरलेली आहे असं समजून आपण उचलायला जातो, ती निघते रिकामी, आणि हात झटक्यानं वर जातो. का? कळशीला बोट लागण्याआधीच किती जोर लागेल याचा अंदाज बांधून स्नायू तयार झालेले असतात. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली हे लक्षात आलं नाही की पाऊल धाडकन जमिनीवर आदळतं, तेही यातलंच. एरवी दिवसभरात अशा हजारो हालचाली आपण बिनचूक करतो, कारण असा अंदाज प्रत्येक वेळी आधीच केलेला असतो. हे काम मुख्यतः लहान मेंदूचं. डोळ्यांनी पाहून चूक दुरुस्त करायची म्हटली तर सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग जातो. तेवढ्यात हात पुढे निघून गेलेला असतो. तुमच्या बाबांचं नेमकं हे अंदाज बांधणं बिघडलंय. प्रत्येक कळशी त्यांना चुकीच्या वजनाची वाटते आहे म्हणा ना.

हा मेंदू आहे कुठे, ते हातानंच बघा. डोक्याच्या मागच्या बाजूला मधोमध बोट फिरवलं की हाडाचा एक उंचवटा लागतो. त्या उंचवट्याच्या खाली, मानेचे स्नायू जिथे कवटीला चिकटतात त्या भागात, हाडाच्या आत लहान मेंदू बसलेला असतो. त्याच्या वर मोठा मेंदू. दोघांच्या मध्ये तंबूच्या कापडासारखा ताणलेला चिवट पडदा आहे. पुढच्या बाजूला मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम. श्वास, शुद्ध, गिळणं यांची केंद्रं त्यात आहेत. देठ आणि लहान मेंदू यांच्या फटीत पाण्याची एक छोटी पोकळी आहे, तिला चौथं व्हेंट्रिकल म्हणतात. ही जागा फार अरुंद आहे, तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

लहान मेंदूचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पूर्ण मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ६९ अब्ज या एवढ्याशा भागात आहेत. नाव लहान पडलंय ते आकारावरून. त्याचा पृष्ठभाग पाहिला की साडीच्या निऱ्या आठवतात, इतक्या बारीक आणि एकाला एक लागून घड्या. २०२० साली एका मेंदूतल्या या सगळ्या घड्या संगणकावर उलगडून मोजल्या, तेव्हा त्यांचं क्षेत्रफळ मोठ्या मेंदूच्या सालीच्या, म्हणजे वरच्या थराच्या, तीन चतुर्थांशाहून जास्त भरलं. मधोमध उभा पट्टा असतो, तो वर्मिस, आणि दोन्ही बाजूंना दोन गोलार्ध. फ्लॉवरचा गड्डा उभा चिरल्यावर दिसतात तशा आत पांढऱ्या फांद्या पसरलेल्या दिसतात. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्या आकृतीला जीवनवृक्ष असं नाव दिलं. मी पहिल्यांदा शवविच्छेदनाच्या टेबलावर ती पाहिली तेव्हा बराच वेळ हातातली सुरी खाली ठेवून पाहत राहिलो होतो. या पांढऱ्या भागात खोलवर राखाडी गाठींच्या जोड्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी डेंटेट. लहान मेंदूचं जवळजवळ सगळं म्हणणं या गाठींमधूनच बाहेर पडतं. देठाला तो प्रत्येक बाजूला तीन जाड दोरांनी जोडलेला आहे. मधला दोर सगळ्यात जाड आणि त्यातून फक्त आत येणारी वाहतूक चालते, मोठ्या मेंदूनं काय ठरवलंय याची खबर. खालच्या दोरातून मुख्यतः शरीराची आणि कानातल्या तोलयंत्राची खबर येते. वरच्या दोरातून दुरुस्तीचा निरोप निघतो.

आता पेशींकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. पिंपळाचं पान वहीत ठेवून त्याची जाळी झालेली तुम्ही पाहिली असेल. पुर्किन्ये पेशी साधारण तशी दिसते, सपाट, एकाच पातळीत पसरलेली, असंख्य शिरांची. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ साली तिचं वर्णन केलं म्हणून ते नाव. आता अशी लाखो जाळीदार पानं एकामागे एक उभी रचली आहेत आणि त्यांच्या आरपार बारीक दोरे ओवले आहेत अशी कल्पना करा. एकेका पानाला असे लाखभर किंवा त्याहून जास्त दोरे स्पर्श करतात. हात कुठे आहे, डोळे कुठे वळलेत, पाऊल केव्हा टेकणार, असली सगळी माहिती या दोऱ्यांवरून येते. याशिवाय प्रत्येक पानाला एकच जाड वेल वेढलेली असते. ती देठातल्या ऑलिव्ह नावाच्या गाठीतून, आणि तीही विरुद्ध बाजूच्या, आलेली असते. ही वेल सेकंदाला साधारण एखाद्या वेळीच बोलते, पण बोलली की पान हादरतं. तिचा निरोप बहुधा असा असतो, ‘आत्ताचा अंदाज चुकला’. मग चूक झाली त्या क्षणी जे दोरे जागे होते त्यांचं वजन कमी केलं जातं. पुढच्या खेपेला ते तेवढे ऐकले जात नाहीत. दोरे आणि पान यांच्यातल्या जोडांचं वजन बदलून लहान मेंदू शिकतो, असा अंदाज डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये कागदावर मांडला होता, आणि ते वजन घटत असावं असं जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये म्हटलं. जपानच्या मासाओ इतो यांच्या प्रयोगशाळेनं १९८२ साली त्या जोडांचं वजन खरंच घटतं हे दाखवून दिलं. आजही या शिकण्यात आणखी कोणकोणत्या यंत्रणा आहेत यावर काम चालू आहे, पण गाभा हाच.

यातली एक गोष्ट मला अजून थक्क करते. पुर्किन्ये पेशी ही या सालीतून बाहेर बोलणारी एकमेव पेशी आहे आणि तिला एकच शब्द येतो, ‘थांब’. ती फक्त रोखते. खोलवरच्या गाठी सतत पुढे रेटत असतात आणि पुर्किन्ये पेशी योग्य क्षणी योग्य तेवढं रोखून हालचालीला आकार देतात. तुमच्या बाबांना हे चटकन कळेल. शिंपी कापड वाढवत नाही, जास्तीचं कापतो. अंगावर बसणारा सदरा त्यातूनच तयार होतो.

चष्म्याचा नंबर बदलल्यावर दोन-चार दिवस जमीन वरखाली झाल्यासारखी वाटते आणि मग आपोआप ठीक होतं, ते काम लहान मेंदूच्या अगदी खालच्या छोट्या पाकळीचं, फ्लॉक्युलसचं. डोकं जेवढं वळलं त्या हिशेबात डोळे किती उलटे फिरवायचे, हे नवीन काचेप्रमाणे ती पुन्हा बसवते. आपल्याच हातानं आपल्याला गुदगुल्या होत नाहीत त्यामागेही हाच अंदाज आहे. लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली मेंदूचे स्कॅन करून दाखवलं, की आपल्याच हालचालीतून येणाऱ्या स्पर्शाची वर्दी लहान मेंदूकडून आधीच मिळते आणि मोठा मेंदू तो स्पर्श फारसा मनावर घेत नाही.

आता बाबांकडे वळू. आपण हात तोंडाकडे नेतो तेव्हा आधी हात वर आणणारा स्नायू आकसतो आणि मग बरोबर वेळेवर उलट बाजूचा स्नायू ब्रेक लावतो. त्यांचा ब्रेक उशिरा लागतो. घास तोंड ओलांडून गालावर जातो, मग दुरुस्ती करायला जावं तर तीही जास्तीची होते. म्हणून लक्ष्याजवळ पोचताना हात लडबडतो. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो. इथे उलट, स्वस्थ असताना शांत आणि काम करायला गेलं की थरथर. आमच्या भाषेत या माप चुकण्याला डिसमेट्रिया म्हणतात. मेट्रिया म्हणजे मापच, बाबांच्या गळ्यातल्या टेपचं. अक्षर पाहिलंत का त्यांचं? बहुतेक मोठं आणि वेडंवाकडं झालं असेल. बोलणं तुटक होतं त्याचं कारणही हेच. जीभ, ओठ, श्वास यांची वेळ जुळत नाही आणि प्रत्येक अक्षर सुटं करून बोलावं लागतं. तळहात मांडीवर उलटासुलटा भराभर मारायला सांगा. डावा हात तालात चालेल, उजवा अडखळेल.

उजवाच का? मोठ्या मेंदूच्या झटक्यात विरुद्ध बाजू जाते हे बहुतेकांना ठाऊक असतं. लहान मेंदूत त्याच बाजूची जाते. उजव्या लहान मेंदूचा निरोप ओलांडून डाव्या मोठ्या मेंदूकडे जातो आणि तिथून निघालेला हुकूम पुन्हा ओलांडून उजव्या हाताकडे येतो. दोनदा ओलांडलं की माणूस मूळ काठावरच येतो. मधल्या वर्मिसकडे धडाचा आणि चालण्याचा कारभार आहे. त्यामुळे तिथे इजा झालेला माणूस पलंगावर झोपून हातपाय झकास हलवतो, पण बसवलं की कलंडतो.

तुमच्या पाठ्यपुस्तकातली ती ओळ कुठून आली, तेही सांगतो. १८२४ साली फ्रान्सच्या फ्लोरांस यांनी कबुतरांचा लहान मेंदू थोडा थोडा काढून पाहिला. कबुतरं लुळी पडली नाहीत. पंख हलवायची, पाय टाकायची, पण नीट उडणं-चालणं जुळेना. माणसातलं सगळ्यात काटेकोर वर्णन लंडनच्या गॉर्डन होम्स यांचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले तरुण सैनिक त्यांनी तपासले आणि १९१७ साली ते लिहून काढलं. आजही आम्ही पेशंटला ‘बोट नाकाला लावा, मग माझ्या बोटाला लावा’ सांगतो तेव्हा त्याच वाटेनं जात असतो. त्यांच्या एका पेशंटनं सांगितलं होतं, की माझा डावा हात आपोआप चालतो, उजव्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते. बाबा संध्याकाळपर्यंत एवढे थकून का जातात याचं उत्तर या वाक्यात आहे. आपल्याला फुकटात मिळणाऱ्या हालचालींची ते प्रत्येक वेळी किंमत मोजतायत.

पहिल्या दिवशी हे ओळखलं गेलं नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय, ते पत्रातून जाणवलं. म्हणून मी माझी एक गोष्ट सांगतो. निवासी डॉक्टर असताना रात्रपाळीला चाळिशीच्या एक बाई आल्या. गरगरतंय, उलट्या थांबत नाहीत. मी त्यांना पलंगावरच तपासलं. हातांची पकड उत्तम, पायांची ताकद उत्तम, चेहरा सरळ, संवेदना ठीक. कानाची चक्कर असं लिहून मी सलाइन लावलं. सकाळी आमचे सर राउंडला आले. केसपेपर वाचला, बाईंना म्हणाले, ‘बसा बरं जरा पाय खाली सोडून.’ त्या बसल्या आणि दुसऱ्या क्षणी भिजलेल्या पोत्यासारख्या डावीकडे कलंडल्या. सरांनी त्यांना धरलं आणि माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, ‘रात्री यांना उभं केलं होतंस?’ मी केलं नव्हतं. लहान मेंदूत मोठा इन्फार्क्ट होता. दोन दिवसांनी सूज वाढली, मागची कवटी उघडून दाब कमी करावा लागला. बाई वाचल्या, काठी घेऊन चालत घरी गेल्या. त्या रात्रीनंतर मी चक्कर येणाऱ्या एकाही पेशंटला बसवून, उभं करून पाहिल्याशिवाय सोडलेलं नाही.

तुमच्या ओळखीत कुणाला अचानक भोवळ आली तर एवढं पाहा. कानाच्या चक्करेत माणूस भिंत धरून, एका बाजूला झुकत का होईना, बहुधा उभा राहू शकतो. आधाराशिवाय बसताच येत नसेल, पाऊलच टाकता येत नसेल, जोडीला दोन-दोन दिसत असेल, जीभ जड झाली असेल, गिळताना ठसका लागत असेल, मानेत किंवा डोक्यात मागे नव्यानं जबर दुखत असेल, तर पित्त समजून थांबू नका. सरळ स्ट्रोकची सोय असलेल्या ठिकाणी जा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा काळ त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांचा. साध्या सीटी स्कॅनवर विसंबू नका. कवटीच्या तळाशी हाड जाड असल्यानं या भागाचं चित्र सीटीत धूसर येतं, आणि पहिल्या दिवशी तर एमआरआयलाही हा झटका कधी कधी निसटतो. २००९ साली एका अभ्यासात दिसलं, की सराव असलेल्या डॉक्टरनं पलंगापाशी डोळ्यांच्या हालचाली नीट तपासल्या, तर सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही जास्त झटके पकडता येतात. आणि ती अरुंद जागा आठवते ना? दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास सूज वाढली की चौथ्या व्हेंट्रिकलची वाट बंद होते, पाणी तुंबतं, देठावर दाब येतो. पेशंट सुस्तावला, हाकेला उशिरा ओ द्यायला लागला, की ते झोपणं नसतं. बाबा या टप्प्यातून सुखरूप बाहेर आलेत.

तरुणांत या झटक्याचं एक कारण मला वारंवार सांगावं लागतं. लहान मेंदूचं रक्त मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जाणाऱ्या दोन धमन्यांतून येतं. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची आपल्याकडे हौस आहे. त्या हिसक्यात धमनीचं आतलं अस्तर फाटून गुठळी झालेली मी पाहिली आहे. कृपा करून हे करून घेऊ नका. बाबांच्या वयात मात्र कारणं बहुतेक नेहमीचीच असतात, रक्तदाब, साखर, तंबाखू, हृदयाची अनियमित लय. लयीसाठी चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर यंत्र लावून केलेली हृदयाच्या ठोक्यांची नोंद, झाला नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, कारण लय बिघडलेली निघाली तर गोळ्याच बदलतात.

चिडचिडीबद्दल. ‘आजारपणानं वैतागलेत’ एवढंच नसावं ते. लहान मेंदूच्या मागच्या मोठ्या भागाचे धागे मोठ्या मेंदूच्या विचार करणाऱ्या, योजना आखणाऱ्या भागांशी जोडलेले आहेत. जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन यांनी १९९८ साली अशा पेशंटमध्ये योजना करणं, शब्द सुचणं, भावना आवरणं यांत होणारे बदल एकत्र मांडले. पायका ही धमनी नेमकी त्या मागच्या भागाला रक्त पुरवते. बाबांना हिशेब लागत नसेल, एका वेळी दोन माणसं बोलली की त्रास होत असेल, पटकन रडू किंवा राग येत असेल, तर तो त्यांचा स्वभाव समजू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा, टीव्ही बंद करून बोला. बहुतेकांत हे महिन्यांच्या हिशेबानं सुधारतं.

बरे होतील का? रिपोर्ट वाचून मला आशा वाटते. पायकाच्या भागात झटका आला, डेंटेट गाठ आणि वरचा दोर वाचला, तर चालणं सहसा चांगलं परत येतं. गाठीच गेल्या तर हाताची थरथर चिवटपणे राहते. तुमच्या डॉक्टरांना एमआरआय दाखवून नेमकं हेच विचारा. मेंदूची ही जागा किती तडजोड करू शकते याचं एक टोकाचं उदाहरण २०१४ साली चीनमधून प्रसिद्ध झालं. २४ वर्षांच्या एका विवाहित बाईंना जन्मापासून लहान मेंदूच नव्हता. बोलणं समजण्याजोगं व्हायला सहा वर्षं लागली, चालायला सात. चाल अस्थिर राहिली, पण त्या चालत होत्या, संसार करत होत्या. त्यांच्या मेंदूला जन्मापासूनचा काळ मिळाला, बाबांशी थेट तुलना होणार नाही. पण बाबांचा डावा गोलार्ध शाबूत आहे, उजव्याचाही बराचसा भाग शाबूत आहे, आणि तो चुकांमधूनच शिकतो. चूक होऊ दिली नाही तर त्याला शिकायला काहीच मिळत नाही. म्हणून पडण्याची भीती नसेल अशा जागी त्यांना चुकू द्या. प्रत्येक घास तुम्ही भरवू नका.

यासाठी गोळी नाही. फिजिओथेरपी आहे आणि ती रोज हवी, आठवड्यातून दोनदा उपयोगाची नाही. जर्मनीत २००९ साली लहान मेंदू झिजत चाललेल्या पेशंटना चार आठवडे कसून तोलाचे व्यायाम दिले, तर त्यांच्यातही सुधारणा दिसली. बाबांचा आजार तर वाढत जाणारा नाही. आधी बसून धड स्थिर करणं, मग उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, मग पाय रुंद ठेवून चालणं आणि हळूहळू अंतर कमी करत एका रेषेत. चक्करेच्या गोळ्या अजून चालू असतील तर डॉक्टरांशी बोलून त्या लवकर कमी करा. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं पहिले काही दिवस ठीक, पुढे चालू राहिली तर मेंदूचं जुळवून घेणं मंदावतं आणि या वयात पार्किन्सनसारखी लक्षणंही येतात.

घरात न्हाणीघरात आडवी दांडी, बसून अंघोळीला जड स्टूल, पायात मागे पट्टा असलेली चप्पल. सपाता नकोत. जेवताना दोन्ही कोपर टेबलावर टेकवा, म्हणजे थरथरायला एकच सांधा उरतो. ग्लास जड स्टीलचा आणि अर्धाच भरलेला. चहा पिताना ठसका लागत असेल तर ते आधी सांगा, गिळण्याची तपासणी व्हायला हवी.

भावंडांची काळजी. हा झटका आनुवंशिक नाही. रक्तदाब आणि साखर घराण्यात असू शकते, तेवढी तपासून घ्या. आनुवंशिक असतात ते वेगळे आजार, स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सिया नावाचे. त्यात तोल वर्षानुवर्षं हळूहळू जात राहतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच दिसतं. एका पहाटे अचानक असं होत नाही. लहान मेंदू बिघडवणारं आणखीही बरंच आहे, दारू, फिटच्या फेनिटॉइन गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढणं, लहान मुलांत कांजिण्यांनंतर काही दिवस येणाऱ्या झोकांड्या, वर्षानुवर्षं फुटणाऱ्या कानाचा पू आत जाणं. विदर्भातल्या उन्हाळ्यात उष्माघातातून वाचलेले काही जण पुढे आयुष्यभर झोकांड्या खात चालतात, कारण पुर्किन्ये पेशींना तापलेलं शरीर मुळीच सोसत नाही. आणि लहान मुलाला रोज सकाळी डोकेदुखी आणि उलटी होत असेल, जोडीला चाल बिघडत असेल, तर जंताच्या औषधावर थांबू नका, स्कॅन करा.

आता मशीन. बाबांना सांगा, बसायचं, पण कात्री नाही आणि मोटारीवरची मशीन नाही. पायाची मशीन घरी आणता आली तर उत्तम. पायडलची लय, हातानं कापड सरकवणं, डोळ्यांनी शिलाई पाहणं, तिन्हीची वेळ जुळवायची, यापेक्षा चांगला व्यायाम मला सुचणार नाही. पहिला आठवडा सुईच काढून ठेवा, खुर्चीला हात हवेत, नुसती लय धरू दे. मग सुई बसवा, दोरा नको. वहीच्या रेघांच्या कागदावर सरळ चालवायला सांगा, रोज वीस मिनिटं, दमले की थांबायचं. बोट सुईखाली जाऊ नये म्हणून शेजारी कुणीतरी बसा. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना त्यांनी हेच दिलं असणार, बिनदोऱ्याची सुई आणि रेघांचा कागद. भोकं रेघेवर पडतात का ते तारीख घालून जपून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ते कागद बरोबर न्या.